ही थरथर कुणाची?

परवा म्हापशाला बस रिकामी होत असताना एक बाई मागे राहिली. पेडण्याच्या शाळेत शिकवणारी, रोजची प्रवासी. सगळे उतरल्यावर माझ्या सीटपाशी येऊन तिने हळूच विचारलं, "तुमकां जाल्लें तें कशें बरें जालें?"

"कोणाक जालां?" मी विचारलं.

"एका वळखीच्याक," ती खाली बघत म्हणाली.

ओळखीच्या माणसाला होणारं हे दुखणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. मी स्वतः डॉक्टरांना पहिल्यांदा "आमच्या मेव्हण्याला असं होतं" म्हणून सांगितलं होतं, आणि मेव्हणा बिचारा शेजारीच बसला होता. बाईंना सगळं सांगायला हवं होतं, पण मागच्या बसवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचलेचना. म्हणून हे लिहून काढतो आहे. त्यांनी वाचावं आणि ओळखीच्यालाही वाचायला द्यावं.

माझं नाव सदानंद, पण गावात सदा. पेडणे–म्हापसा लाईनवर खाजगी बस चालवतो. शाळा मराठीत झाली आणि घर कोंकणीत, त्यामुळे लिहायला बसलो की मराठी येते आणि चिडलो की कोंकणी. हे लिहिताना चिडायचं नाही असं ठरवलं आहे.

पुलावर

गोवा घटकराज्य होऊन काही वर्षं झाली होती. रेल्वेच्या रुळांसाठी आमच्या भागात डोंगर फोडायचं काम जोरात होतं, आणि बसमध्ये कोल्हापूर-बेळगावकडचे कामगार भरलेले असायचे. तो शुक्रवार होता, म्हणजे म्हापशाचा बाजार. दिवस आंब्याचे. टपावर पाट्या, आत पाट्या, माणसांच्या मांडीवरही पाट्या.

कोलवाळच्या पुलावर बस चढली आणि माझ्या छातीत काहीतरी सुटलं. दुखलं नाही. आतून कुणीतरी धावत सुटावं तसं झालं. हातांना मुंग्या आल्या, जीभ सुकली, स्टिअरिंग लांब गेल्यासारखं दिसायला लागलं. आपण आता मरतो आणि ही सगळी माणसं घेऊन शापोरा नदीत जातो, एवढं एकच मनात होतं. मी पुलाच्या मधोमध बस उभी केली आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक धरून बसलो. हात थांबत नव्हते. खांदे, हनुवटी, सगळंच लटलटत होतं.

आमचा कंडक्टर गोपाळ पुढे आला. "टायर गेलो?" त्याने विचारलं.

पुढच्या सीटवर आमच्याच वाड्यावरची एक म्हातारी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि मोठ्याने म्हणाली, "भार आयला गो! देवाचो भार आयला ताका!" मग पाटीतले चांगले पिकलेले मानकुराद आंबे काढून तिने माझ्या पायांशी ठेवले आणि हात जोडले. क्लचवर नैवेद्य घेणारा मी पहिलाच ड्रायव्हर असेन.

पण म्हातारीची चूक म्हणता येणार नाही. आमच्या घराकडे तरंगाचा मान आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. दसऱ्याला ग्रामदेवाचं तरंग निघतं. उंच खांब, त्याला रंगीत लुगडी गुंडाळलेली. ढोल वाजायला लागले की खांब धरणाऱ्याच्या अंगात देवाचा भार येतो, तो थरथरतो, आणि तरंग वरपासून खालपर्यंत हलू लागतं. मग लोक पुढे येऊन गाऱ्हाणी घालतात. आमच्या बाबांनी ते तरंग कितीतरी वर्षं धरलं. गुडघे गेले तेव्हा माझ्या हातात दिलं. माझ्याही अंगात भार आला होता, खोटं कशाला सांगू. ढोल अंगात शिरतो आणि अंग आपलं राहत नाही. पण त्यात भीती नसते. उलट नंतर लहान मुलासारखी झोप लागते.

थरथरणारा माणूस आमच्या गावाला एकाच तऱ्हेचा माहीत होता. मी दुसऱ्या तऱ्हेचा निघालो, हे गावाला कसं कळावं?

देव घरी आला

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. बाबांनी देवाकडे दिवा लावला होता. मी म्हटलं, बाबा, माझा जीव जात होता. ते शांतपणे म्हणाले, "देव सांगून येना."

त्यानंतर ते वरचेवर यायला लागलं. बसमध्ये, जेवताना, न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना. मालकाने माझ्या जागी दुसरा ड्रायव्हर घातला. मी घरी बसलो आणि घरी माणसं येऊ लागली. हरवलेली म्हैस, अडलेलं लग्न, भावाभावांची भांडणं. मला धाप लागलेली असायची, मला पाणी हवं असायचं, आणि समोर कुणीतरी हात जोडून उभं असायचं. एकाने विचारलं, आखातातला व्हिसा येणार का? माझी मान लटपटत होती, त्याने ती होकारात घेतली. त्याचा व्हिसा आला. हे तर फारच वाईट झालं, कारण दुसऱ्या दिवशी चार घरं आणखी आली.

मला कशाची भीती वाटत होती, असं कुणी विचारलं तर सांगता येत नव्हतं. भीतीचीच भीती वाटत होती. ती परत येईल का, कधी येईल, चारचौघांत येईल का. या ओळी कुणाला ओळखीच्या वाटल्या तर त्यांनी पुढचं जरा सावकाश वाचावं.

माझी बायको सुलभा डिचोलीची. आमच्या लग्नानंतर तिने दसऱ्याचं तरंग दर वर्षी पाहिलेलं. एकदा माणसं गेल्यावर ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "देवाचो भार येता तेन्ना तुमकां कोण दिसना. आतां येता तेन्ना तुमी म्हजो हात घट्ट धरतात. देवाक म्हजो हात कित्याक जाय?"

देवाला तिचा हात कशाला हवा? मला रडू आलं. इतक्या दिवसांत माझ्याकडे बघून माझ्याबद्दल बोललेली ती पहिलीच होती.

तिने बाबांना स्पष्ट सांगितलं की हे आजारपण आहे, इस्पितळात न्यायला हवं. बाबा म्हणाले, देव अंगात असलेल्या माणसाला सुई टोचत नाहीत. मग घरात अबोला. ती त्यांना वेळेवर पेज वाढायची, बरोबर लोणच्याची फोड ठेवायची, पण बोलायची नाही. बाबाही जेवायचे आणि बोलायचे नाहीत. मी मध्ये बसून दोघांकडे बघत असे आणि माझी धडधड वाढायची.

शेवटी सुलभाने माहेरी जायचं निमित्त काढलं. डिचोलीला तिच्या भावाच्या घरी एक रात्र राहिलो, आणि सकाळी तो आम्हाला पणजीजवळच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला.

एक बेल

डॉक्टर बाई बेळगावच्या होत्या. नळी लावून छाती ऐकली, हृदयाची पट्टी काढली, रक्त तपासलं. आधी सांगितलं तसा माझा मेव्हण्याचा खेळ झाला. त्या हसल्या नाहीत. मेव्हण्याला बाहेर बसवलं आणि मला म्हणाल्या, "आता तुमचं सांगा बघू."

मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "आधी कधी भ्यालाय काय मोठं?"

मी म्हटलं, ड्रायव्हर माणसाला कसली भीती. तेव्हा कोपऱ्यातून सुलभा म्हणाली, "मागच्या पावसांतलें सांगात."

मागच्या पावसात आमच्या गावाजवळच्या उतारावर बस घसरली होती. आडवी होऊन कड्याकडे चालली होती, मी कशीबशी आंब्याच्या झाडाला टेकवली. कुणाला खरचटलंही नाही. लोकांनी मला हार घातला, चहा पाजला. दुसऱ्या दिवशी मी त्याच उतारावरून पहिली फेरी मारली.

"मग रडलात कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"वेळ नव्हता," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा. भीती वाटली की मेंदू हुकूम सोडतोय. मूत्रपिंडाच्या डोक्यावर दोन ग्रंथी असतात, टोपी घातल्यासारख्या. त्या रक्तात हार्मोन सोडतात. मग छाती धडधडते, हातपायांत जोर येतोय. हे चांगलंच असतंय. त्या दिवशी बस झाडाला टेकवायला ह्यानंच ताकद दिली तुम्हाला. काम झालं, की तेच हार्मोन फिरत फिरत परत मेंदूत पोचतंय. तिथं त्याला धरणारे रिसेप्टर असतात, त्याच्यासाठीच बनवलेल्या जागा म्हणा. त्यांनी धरलं की मेंदूला कळतंय, आता पुरे, बंद करा." थोडं थांबून म्हणाल्या, "तुमच्यात हे धरणंच ढिलं पडलंय ओ. हार्मोन दारात येऊन उभं राहतंय आणि पुरे म्हणायला कोण नाही. म्हणून साध्या पुलावर पण मेंदू कडा बघतोय."

मी जरा विचार केला आणि म्हटलं, "म्हणजे गोपाळ एक बेल देतो, आणि मला ऐकूच येत नाही."

त्यांना कळेना. मग मी समजावलं. कंडक्टरने दोरी एकदा ओढली की एक बेल, म्हणजे थांब. दोनदा ओढली की दोन बेल, म्हणजे सूट. माझ्या डोक्यात दोन बेल झाल्यात आणि गाडी सुटली आहे. एक बेलही वाजते आहे, पण ड्रायव्हरपर्यंत पोचत नाही.

"अगदी तस्सं!" डॉक्टर हसल्या. "आता मी सगळ्यांना हेच सांगते बघा."

मग मी अडखळत तरंगाचं विचारलं. दसऱ्याला थरथरतो तेव्हाही हेच हार्मोन असतात का? त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. "असतील. पण तेव्हा तुमच्याभोवती गाव असतंय, ढोल असतोय, आणि कधी थांबायचं ते ठरलेलं असतंय. इथं तुम्ही एकटे असता."

आजाराला नाव मिळालं, पॅनिक डिसऑर्डर. नाव ऐकून लोक घाबरतात म्हणे. मला हलकं वाटलं. इतके दिवस मला एकतर मरण येत होतं नाहीतर देव येत होता. आजार म्हणजे मधलीच, माणसाला झेपेल अशी गोष्ट वाटली.

वॉर्ड

रक्तदाबही चढलेला होता म्हणून काही दिवस ठेवून घेतलं. वॉर्डात सकाळी पोदेराचा भोंगा ऐकू यायचा, म्हणजे पाववाल्याचा. सुलभा खाली जाऊन गरम उंडो आणायची आणि चहात बुडवून मला द्यायची. कुरकुरीत कवच मला आवडतं म्हणून ते बाजूला काढून ठेवायची, मऊ गर आधी. मग नर्स नाडी बघायला येई. तिचा हात थंड असे आणि ती माझी नाडी धरून खिडकीबाहेर बघत राही. त्या वेळी काहीच घडत नसे, आणि काहीच न घडणं मला किती आठवड्यांनी मिळत होतं.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की गोळी पहिल्या दिवशी काही करणार नाही, मेंदूतल्या जागा सावकाश सुधारतात, धीर धरा. मी धीर धरला नाही. रोज विचारलं. रोज त्यांनी तेच सांगितलं, एकदाही वैतागल्या नाहीत.

बाबा आले ते न सांगता. दोन बसेस बदलून, दुखरे गुडघे घेऊन, डोक्यावर टोपी आणि हातात देवाच्या अंगाऱ्याची पुडी. माझ्या खाटेवर टेकले. सुलभाने त्यांना पाणी दिलं, त्यांनी ते घेतलं. अबोला तिथेच मोडला असं म्हणायला हरकत नाही. डॉक्टर फेरीला आल्या तेव्हा ते उभे राहिले.

"दोतोरीणबाय, ह्यो गुळयो घेतल्यार ह्याच्या आंगार देव येवपाचो बंद जातलो?"

मला त्यांच्या प्रश्नाचं वजन माहीत होतं. तरंग हललं नाही तर भार आला नाही. भार आला नाही तर गावचे म्हालगडे, म्हणजे जाणते, बसतात, कौल घेतात आणि मान दुसऱ्या घराकडे जाऊ शकतो. बाबांच्या बाबांनी, त्यांच्या आजोबांनी धरलेलं तरंग माझ्या एका गोळीने जाणार होतं.

डॉक्टरांनी त्यांना खाली बसवलं. "आजोबा, देवाचं मला सांगता येणार नाही ओ. मला एवढंच सांगता येतंय, ह्यांची भीती कमी होईल. थरथर पण कमी होईल."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी तोवर पुष्कळ वाळलो होतो. मग त्यांनी पुडी सोडली, चिमूटभर अंगारा घेतला, माझ्या कपाळाला लावला, आणि उरलेला बोटावरचा उशाशी ठेवलेल्या गोळ्यांच्या पाकिटाला पुसला. पाकीट उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "घे."

मी ती गोळी कधी चुकवली नाही.

परत पूल

पावसाळाभर मी पूल शिकलो. आधी गोपाळबरोबर चालत. निम्म्यावर पोचलो की धडधड सुरू व्हायची. डॉक्टरांनी पळू नका म्हणून सांगितलं होतं. पळालात तर मेंदूला वाटेल की खरंच काहीतरी होतं. म्हणून उभा राहायचो, कठडा धरून, श्वास लांब सोडत. गोपाळ विडी ओढत नदीकडे बघायचा आणि मधूनच म्हणायचा, "सदा, हांव हांगाच आसां." मी इथेच आहे; जगात याहून कामाचं बोलणं मी फार ऐकलेलं नाही.

मग मालकाने दुपारची रिकामी बस दिली. पुलाच्या मधोमध गोपाळने एक बेल दिली. मी थांबलो. भीती आली, नेहमीसारखी, पायांपासून वर चढत. मी काही केलं नाही. तिच्यासाठी बस उभी केली होती, तिने यावं, बसावं. आणि मग, कशी कोण जाणे, ती उतरायला लागली. हात मोकळे झाले, पाण्यावरचा वारा लागला. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या डोक्यातली एक बेल ऐकू आली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून मनसोक्त रडलो. मागच्या पावसातलं राहिलेलं रडणं ते.

गोपाळने माझं आटपेपर्यंत वाट पाहिली आणि मग दोन बेल दिल्या.

दसरा

दसऱ्याला मी तरंग धरायला उभा राहिलो तेव्हा बरा होतो. आणि तोच घोर होता.

देवळासमोर गाव जमलं होतं. आपट्याची पानं, नवे कपडे, मुंबईहून आलेली माणसं. बाबा पायरीवर बसले होते, सुलभा बायकांत होती. खांब माझ्या हातात दिला गेला, ढोल सुरू झाले. मी डोळे मिटून वाट बघितली.

अंग शांत होतं. ढोल कानात येत होता, पण पुढे जात नव्हता. वादकांनी लय वाढवली, मग आणखी वाढवली. लुगड्याचा एक पदरही हलेना. मी डोळे किलकिले करून बघितलं तर म्हालगडे एकमेकांकडे बघत होते. मला वाटलं, खोटं थरथरावं. हात कसे हलतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण देवासमोर ते जमेना. आपण गोळीने घराण्याचा मान घालवला असं वाटलं, आणि कपाळावर घाम सुटला.

तेवढ्यात बाबा उठले. काठी टाकून, गुडघ्यांवर हात ठेवत, एक एक पायरी उतरून आले. कुणी अडवलं नाही. ते माझ्याजवळ आले आणि खांबावर माझ्या हातांच्या खाली आपले दोन्ही हात ठेवले.

तरंग हललं. आधी खालून, मग वर, मग सगळी लुगडी सळसळली. "देव आयलो!" गाव ओरडलं, हात जोडले गेले, गाऱ्हाणी सुरू झाली. मी खांब सांभाळून उभा होतो, आणि माझ्या हातांखाली बाबांचे हात थरथरत होते. कितीतरी वर्षांनी त्यांच्या अंगात भार आला, असं मला वाटलं. मान घरात राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाहेर सोप्यावर पान लावत बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो आणि विचारलं, "बाबा, काल तुका भार आयिल्लो?"

त्यांनी पानाला चुना लावला, पुसला, परत लावला.

"भार खंयचो रे," ते म्हणाले. "तुजें तोंड पळयलें. तूं थंयच पडटलो म्हूण माका भंय दिसलें."

माझं तोंड बघून, मी तिथेच पडेन म्हणून ते भ्याले होते. त्यांनी पान खाली ठेवलं आणि उजवा हात माझ्यासमोर धरला. तो अजून बारीक कापत होता, थांबला नव्हता.

"अजून रावूंक ना, पळय," ते म्हणाले. आणि मग, लहान मुलासारखं, "हें रावता मरे?"

"रावता, थांबता," मी म्हटलं. मी तो हात माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि सांगितलं, बाबा, श्वास सावकाश सोड, हांव हांगाच आसां. सुलभा चहा घेऊन आली, आमच्याकडे बघून तशीच दारात उभी राहिली. चहा थंड होईपर्यंत आम्ही बसलो होतो. मग हात थांबला.